शॉवरचं पाणी मध्येच गार, मध्येच कढत: गिझर खोलायच्या आधी काय तपासायचं

परभणीतल्या आमच्या घरात सलग तीन हिवाळे एकच तक्रार होती. शॉवर लावला, पाणी अंगाला बरं वाटायला लागलं, की एकदम गार. गरम तोटी थोडी जास्त फिरवावी, जमलं म्हणावं, तोवर पाणी असं कढत यायचं की शॉवरखालून बाजूला व्हावं लागायचं. एका सकाळी असंच पाणी आईच्या खांद्यावर पडलं आणि फोड आला. "कामून लावलंय हे यंत्र, माझी बादली बरी," म्हणून तिनं शॉवर सोडला तो सोडलाच. तोवर आम्ही दोनदा कॉईल (पाणी तापवणारी दांडी) बदलली होती, एकदा थर्मोस्टॅट (ठरलेल्या अंशांवर तापवणं थांबवणारा भाग) बदलला होता. फोड आल्यावर मी गिझरच नवा आणला. नव्या गिझरलाही आठ दिवसांत तेच.

दोष गिझरमध्ये नव्हताच. तो पाईपात होता, आणि त्यातला निम्मा एका साध्या चाचणीनं दहा मिनिटांत सापडला. हे सगळं मला तीन वर्षं आधी कुणी सांगितलं असतं तर आईचा खांदा भाजला नसता, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. बादलीत आपण गरम पाणी घेतो आणि हातानं विसण घालतो. बोट बुडवून बघतो, अजून एक तांब्या गार ओततो, जमलं की अंगावर घेतो. शॉवरमध्ये हेच विसण मिक्सरच्या, म्हणजे गरम आणि गार लाईन एकत्र करणाऱ्या नळाच्या आत, पाणी वाहत असताना घातलं जातं. तिथं कुणी बोट बुडवून बघत नाही. गरम बाजूनं किती जोरात पाणी येतंय आणि गार बाजूनं किती जोरात, एवढ्यावरच सगळं ठरतं. गिझरनं पाणी ६० अंशांवर चोख तापवलं, पण गार बाजूचा जोर कमीजास्त झाला, तर अंगावरचं पाणी बदलणारच. आपल्याकडच्या बहुतेक घरांत पाणी गच्चीवरच्या टाकीतून नुसत्या उंचीच्या जोरावर उतरतं. शॉवरच्या वर तीन मीटरवर टाकी असेल तर दाब ०.३ बारच्या आसपास भरतो. हा फार कमी दाब आहे. म्हणून कुणी स्वयंपाकघरात तोटी सोडली किंवा संडासात फ्लश केला, तरी तुमचं विसण बिघडतं.

पहिली चाचणी: गिझरचा कॉक बंद करून बघा

गिझरच्या खाली गार पाणी आत जाणारा अँगल कॉक असतो, तो पूर्ण बंद करा. गिझरचं बटणही बंद. आता घरातली कुठलीही फक्त गरम पाण्याची तोटी सोडा. पाईपात उरलेलं थोडं पाणी येईल आणि धार थांबायला हवी. गिझरमध्ये पाणी जातच नाही, तर गरम नळाला येणार कुठून?

आमच्याकडे धार थांबली नाही. पाच मिनिटं झाली तरी गार पाणी येतच होतं. म्हणजे घरात कुठंतरी गार लाईनचं पाणी गरम लाईनमध्ये शिरत होतं. मग एकेका मिक्सरचे खालचे अँगल कॉक बंद करत गेलो. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीचा बंद केला आणि धार थांबली. तिथं मिक्सरला हातातला शॉवर आहे, त्याच्या टोकाला बटण. मुलं अंघोळ झाली की नुसतं बटण दाबून पाणी बंद करायची आणि मिक्सरच्या दोन्ही तोट्या दिवसभर उघड्या राहायच्या. बाहेर पाणी येत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नव्हतं, पण आत गार आणि गरम लाईन एकमेकींना मोकळ्या मिळालेल्या होत्या. खाली आई गरम तोटी सोडायची तेव्हा गिझरमधून येण्यापेक्षा वरच्या उघड्या मिक्सरमधून येणं पाण्याला सोपं होतं. गिझरचा पाईप बारीक आणि क्षारांनी भरलेला. वरची वाट सरळ आणि रुंद.

तोट्या बंद असूनही धार येत राहिली तर मिक्सरच्या आतलं स्पिंडल किंवा कार्ट्रिज, म्हणजे पाणी अडवणारा आतला भाग, झिजलेलं असतं. एकदांडी मिक्सरमध्ये हे जास्त दिसतं. बोअरच्या पाण्यातली बारीक रेती आणि क्षार त्याच्या चकतीवर चरे पाडतात. कार्ट्रिज मिक्सरच्या कंपनीचंच घ्या. दिसायला सारखं दुसरं बसतं, पण काही महिन्यांत पुन्हा पाझरतं.

ही एक चाचणी न करता कॉईल बदलू देऊ नका. कॉईल खराब असेल तर पाणी एकसारखं गार किंवा कोमट येतं. मध्येच गार मध्येच कढत होणं हे कॉईलचं लक्षण नाही.

मोटार सुरू झाली की गार, बंद झाली की कढत

वरचा मिक्सर बंद ठेवायला लागलो आणि निम्मी तक्रार गेली. उरलेली निम्मी कळायला एक रविवार लागला. मी शॉवरखाली उभा राहिलो आणि मुलाला मोटारीच्या बटणाजवळ बसवलं. मोटार चालू केली की अर्ध्या मिनिटात पाणी गार. बंद केली की कढत. आमची बोअरची मोटार टाकीतल्या फ्लोटवर (पाण्याच्या पातळीनुसार वरखाली होणाऱ्या तरंगत्या बटणावर) आपोआप चालू-बंद होते, त्यामुळे हा संबंध इतके दिवस कुणाला जोडता आला नव्हता.

घर बांधताना फिटरनं पाईप वाचवण्यासाठी, टाकीत पाणी चढवणारा पाईप आणि न्हाणीत गार पाणी उतरवणारा पाईप खाली टी टाकून एकत्र केले होते. गिझरची लाईन मात्र टाकीपासून वेगळी. मोटार चालू झाली की गार बाजूला मोटारीचा जोर यायचा, गरम बाजूला मात्र टाकीच्या उंचीचाच. आईनं गार पाण्याला उत्तर म्हणून गरम तोटी जास्त उघडली होती, तेवढ्यात टाकी भरली, मोटार बंद पडली, आणि ६० अंशांचं पाणी जवळजवळ निखळ तिच्या खांद्यावर आलं. इतकं तापलेलं पाणी काही सेकंदांतच कातडी भाजतं. म्हाताऱ्या माणसांची आणि लहान मुलांची तर त्याहून लवकर.

उपाय एकच: गिझरला जाणारं पाणी आणि मिक्सरची गार बाजू एकाच टाकीतून, एकाच जाड पाईपातून घ्यायची आणि न्हाणीजवळ आल्यावर तिचे दोन फाटे करायचे. मग जोर वाढला तर दोन्हींकडे वाढतो, कमी झाला तर दोन्हींकडे कमी होतो. नळाची डायरेक्ट लाईन, टँकर रिकामा करायची लाईन, मोटारीची लाईन, यातलं काहीही मिक्सरच्या एका बाजूला जोडू नका. आमच्याकडे अर्ध्या दिवसाचं काम निघालं. प्रेशर पंप बसवणार असाल तर तोही दोन्ही फाट्यांच्या आधी बसवा.

जड पाणी

मराठवाड्यात ही समस्या पुन्हापुन्हा का येते, याचं मोठं कारण इथलं बोअरचं पाणी. काळ्या पाषाणाच्या भेगांतून येणारं हे पाणी बहुतेक ठिकाणी जड. डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही, स्टीलच्या बादलीला पांढरे ओघळ पडतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची योग्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत आहे. तुमच्या बोअरचं पाणी जिल्ह्याच्या भूजल प्रयोगशाळेत एकदा तपासून घ्या, म्हणजे अंदाजावर राहावं लागणार नाही. आमच्याकडे येलदरी धरणाचं नळाचं पाणी आलं की गिझर शांत असतो आणि महिनाभर बोअरवर चाललं की कुरकुरायला लागतो, हे आम्ही कानांनीच ओळखतो.

पाणी तापलं की त्यात विरघळलेला चुना कॉईलवर आणि भांड्याच्या आत बसतो, आणि पाणी जितकं जास्त तापवाल तितका जास्त. गिझरमधून पातेल्यात खडे खदखदल्यासारखा आवाज येत असेल तर कॉईलवर थर चढलाय. थरामुळे उष्णता पाण्यात जात नाही, कॉईल आतल्या आत तापत राहते आणि एक दिवस फुटते. याच चुन्याच्या खपल्या सुटून बाहेरच्या पाईपात, मिक्सरच्या जाळीत आणि शॉवरच्या भोकांत अडकतात. गरम बाजूची धार बारीक होते आणि गार पाणी वरचढ ठरतं. तेव्हा बादलीच्या नळाला पाणी कढत आणि शॉवरला कोमट असं दिसलं, तर गिझरकडे बघू नका, शॉवरकडे बघा.

शॉवरची चकती काढून रात्रभर पाण्यात लिंबूसत्व घालून बुडवून ठेवा आणि सकाळी जुन्या दात घासायच्या ब्रशनं भोकं घासा. रबराची भोकं असतील तर नुसतं बोटानं चोळलं तरी खपल्या पडतात. मिक्सरच्या तोंडाशी असलेली जाळीही काढून धुवा. संडास साफ करायचं ॲसिड गिझरमध्ये किंवा शॉवरला कधीही वापरू नका. ते धातू खातं आणि त्याच्या वाफेनं बंद न्हाणीत जीव घाबरतो.

गिझरच्या आत एक मॅग्नेशियमची कांडी असते, ॲनोड म्हणतात तिला. भांड्याला गंज लागण्याऐवजी ही कांडी स्वतः झिजते. बोअरच्या पाण्यात ती लवकर झिजते. दर दिवाळीच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून कॉईल, ॲनोड आणि भांडं एकदाच उघडून साफ करून घ्या. बोटाएवढी कांडी सुतळीसारखी झाली असेल तर बदला. आणि थर्मोस्टॅट ५५ ते ६० च्या वर ठेवू नका. ७५ वर ठेवून भरपूर विसण घालायची सवय असेल तर क्षार दुप्पट वेगानं नाही, पण नक्कीच जास्त बसतात, आणि चुकून अंगावर पडलं तर भाजतंही जास्त.

गिझरच्या सेफ्टी वॉलमधून पाणी तापताना थेंब थेंब गळतं, ते गळू द्या. २० अंशांचं १५ लिटर पाणी ६० अंशांवर गेलं की साधारण पाव लिटर फुगतं, आणि त्याला बाहेर पडायला वाट हवी. मी ओळखीच्या घरात ते तोंड लाकडाचा खुंटा ठोकून बंद केलेलं पाहिलंय. हे फार धोक्याचं आहे. तुमच्या घरात असं असेल तर आजच काढा.

दोष नसतानाही गार होणारं पाणी

काही तक्रारींमागे बिघाड नसतो, हिशेब असतो. डिसेंबर-जानेवारीत परभणीत कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा एक आकडी येतो आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटे १८ अंशांच्या आसपास असतं. अंघोळीला पाणी हवं ४० अंशांचं. १५ लिटरच्या गिझरमध्ये ६० अंशांचं पाणी असेल तर विसण घालून जास्तीत जास्त २८ लिटर होतं. शॉवर मिनिटाला ८ लिटर सोडत असेल, तर साडेतीन मिनिटांत संपलं. खरं तर त्याच्याही आधी, कारण गरम पाणी बाहेर पडतं तसं गार पाणी आत शिरून मिसळत असतं. घरात चौघं एकामागून एक शॉवर घेणार असतील तर १५ लिटरच्या गिझरला दोष देण्यात अर्थ नाही. २५ लिटरचा घ्या, किंवा दोघांमध्ये वीस-पंचवीस मिनिटं जाऊ द्या.

इन्स्टंट गिझरचंही असंच. ३ किलोवॅटचा छोटा गिझर मिनिटाला साधारण दोन लिटर पाणी २० अंशांनी तापवू शकतो. त्याच्यातून सहा लिटर ओढले तर वाढ जेमतेम सात अंशांची. तो हात धुवायला, भांड्यांना उत्तम. हिवाळ्यात शॉवरला तो पुरणार नाही, आणि विकताना हे बहुतेक दुकानांत सांगत नाहीत.

मग व्होल्टेज. थंडीत सकाळी सहा ते आठ सगळ्या गल्लीचे गिझर एकदम चालू असतात, खेड्यात तर ट्रान्सफॉर्मरवर भार आणखी जास्त. व्होल्टेज २३० वरून १८० वर आलं तर २००० वॉटची कॉईल सव्वाबाराशे वॉटचंच काम करते, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गानुसार घटते. १५ लिटर पाणी २० वरून ६० वर न्यायला जिथं २१ मिनिटं लागायची तिथं ३४ लागतात. "पूर्वीसारखं तापत नाही" असं वाटत असेल तर एकदा दुपारी तापवून बघा. दुपारी वेळेत तापलं तर गिझर ठीक आहे. सकाळी अर्धा तास आधी लावा.

सोलर असेल तर गच्चीपासून न्हाणीपर्यंतचा पाईप मोजा. पाऊण इंची पाईपाच्या १५ मीटरमध्ये जवळपास पाच लिटर पाणी मावतं, आणि रात्रभर गार झालेलं ते सगळं आधी बाहेर यावं लागतं. हे पाणी मोरीत सोडू नका. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात आमच्या नातेवाइकांनी डाळ धुतलेलं पाणीही जपून ठेवलेलं मी पाहिलंय. शॉवरखाली बादली ठेवा, धार गरम झाली की बाजूला करा, ते पाणी भांड्यांना जातं. पाईपाला फोमची नळी चढवली तर पाणी इतकं गार होत नाही. सोलरचं पाणी धपाधप आणि थांबून थांबून येत असेल तर पाईपात हवा अडकलीय. टाकीवरची हवा जायची उभी नळी मोकळी आहे का बघा. टाकी कोरडी पडली असेल तर भर दुपारी तिच्यात गार पाणी सोडू नका, तापलेल्या काचनळ्या तडकतात. संध्याकाळी उशिरा किंवा पहाटे भरा.

गॅस गिझर मध्येच बंद पडत असेल तर आधी सेल बदला, मग पाण्याची जाळी साफ करा, मग दाब बघा. टाकीच्या कमी दाबावर तो पेट घेत नाही. बऱ्याच गॅस गिझरमध्ये ठरावीक मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोयही असते, तो बिघाड नव्हे. पण याहून महत्त्वाचं: गॅस गिझर न्हाणीच्या आत नको. बंद जागेत जळणारा गॅस कार्बन मोनॉक्साइड तयार करतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि अंघोळीला गेलेला माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. गिझर बाहेरच्या मोकळ्या भिंतीला लावा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाईप न्या. या एका बाबतीत कुणाचंही ऐकू नका.

मे महिन्यात उलटी तक्रार

उन्हाळ्यात फोन येतात ते "गार तोटीला गरम पाणी येतंय" म्हणून. दोन शक्यता आहेत. गिझरच्या तोंडाशी असलेला नॉन-रिटर्न वॉल (पाणी मागे फिरू न देणारी झडप) गेला असेल तर तापलेलं पाणी फुगून मागे गार लाईनमध्ये येतं. पण गिझर दोन दिवस पूर्ण बंद ठेवूनही तेच असेल, तर ते गच्चीवरच्या काळ्या टाकीचं काम आहे. पारा ४३ वर गेला की टाकीतलं पाणी दुपारी चार वाजता अंगावर घेववत नाही. टाकीला पांढरा रंग द्या, वर हिरवी जाळी नाहीतर पाचट टाका, आणि पश्चिमेच्या भिंतीवरून उतरणारा उघडा पाईप झाका. मोटार रात्री चालवा. आमच्या आईनं टाकीवर जुन्या गोणपाटाचं पांघरूण घातलंय, संध्याकाळी त्याच्यावर बादलीभर पाणी मारते, आणि पाण्यात फरक खरंच जाणवतो.

उन्हाळ्यात आणखी एक बघा. काळी माती कोरडी पडून भेगाळली की अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो आणि अर्थिंग नीट लागत नाही. ओल्या अंगानं शॉवरची दांडी धरल्यावर जरा जरी झिणझिणलं, तरी एमसीबी (बोर्डातला वीज तोडणारा खटका) खाली पाडा आणि गिझर वापरू नका. खड्ड्यात पाणी घाला, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या, आणि घरात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा खटका) नसेल तर गिझर दुरुस्त करायच्या आधी तो बसवून घ्या. वर सांगितलेलं काहीही करताना नुसतं बटण बंद करून हात घालू नका, एमसीबी पाडूनच घाला.

आमच्या न्हाणीत आता वरच्या मिक्सरजवळ मुलीनं चिठ्ठी चिकटवलीय: "बटण नाही, दोन्ही तोट्या बंद करा." दिवाळीत नरक चतुर्दशीला पहाटे पाच वाजता सगळं घर अभ्यंगाला उठलं. मोटार मी मुद्दाम चालू ठेवली होती. उटणं लावून आई आधी नेहमीसारखी बादलीजवळ बसली. मग उठून तिनं शॉवरची तोटी सोडली, बराच वेळ हात खाली धरून पाहिला, आणि मग त्याच्याखाली उभी राहिली.